संध्याकाळ झाली की बाबांच्या उशाजवळची वायरलेस बेल वाजतच नाही, मदत हवीये

उंबरठा | सोमवार, रात्री १०:२५

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. बाबा गेले पाच महिने पलंगावर आहेत, स्वतःहून उठता येत नाही आणि आवाजही खोल गेलाय, म्हणून त्यांच्या उशाशी वायरलेस बेलचं बटण बांधून ठेवलंय आणि बेल मी जिथे असेन त्या खोलीत उचलून नेते. चार महिने काही म्हणजे काही त्रास नव्हता. आता तीन आठवडे झाले, संध्याकाळ झाली की बेल वाजत नाही. बटणावरचा लाल दिवा लागतो म्हणजे बटण तरी चालू आहे, पण बेल गप्प. रात्री नऊ-साडेनऊनंतर आपोआप सगळं ठीक, मग रात्रभर ठीक आणि दुसऱ्या दिवशीही संध्याकाळपर्यंत ठीक.

परवा बाबा पाऊण तास बटण दाबत होते आणि मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. आत गेले तेव्हा त्यांचा अंगठा बटणावरच होता, दाबून दाबून नखाखाली पांढरा पडलेला. तेव्हापासून मला झोप नाही.

करून झालेल्या गोष्टी सांगते. दोन्हीकडचे सेल बदलले. दुसऱ्या कंपनीची नवी कोरी बेल आणली, तिचंही तेच. मग लक्षात आलं की त्याच वेळेला खाली उभ्या गाडीचं लॉकही रिमोटने उघडत नाही, अगदी काचेला टेकवून दाबावं लागतं, आणि बाल्कनीत जो बाहेरचं तापमान दाखवणारा सेन्सर आहे त्याच्या आतल्या डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा येतात. वाय-फाय आणि मोबाइल मात्र एकदम व्यवस्थित.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, वर चौथा मजला आणि मग गच्ची. चौथ्या मजल्यावर एक कॉलेजचा मुलगा राहतो, तो काहीतरी इलेक्ट्रॉनिक्सचं करत असतो, संध्याकाळी सोल्डरिंगचा वास जिन्यात येतो. मनात शंका येते पण कारण नसताना कोणाच्या दारात जाऊन बोलायचं नाहीये. कोणी सांगेल का हे काय असू शकतं?

तांब्याची_तार | सोमवार, रात्री ११:१०

ताई, आधी एक काम करा, बाकी सगळं नंतर. आज रात्रीच बाबांच्या हाताशी वायरवाली बेल द्या. साधा पुश बटण, दोन वायरी, सेलवर चालणारा बझर, कोणताही इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून देईल, आणि तोपर्यंत घंटी द्या, वाटी-चमचा द्या, काहीही द्या जे वाजतं. या छोट्या वायरलेस बेल एकतर्फी असतात. बटण आपला निरोप हवेत फेकून मोकळं होतं, तो पोचला की नाही हे त्याला कळायची सोयच नसते. लाल दिवा लागला याचा अर्थ फक्त "मी ओरडलो" एवढाच, "ऐकलं" असा नाही. आजारी माणसासाठी अशी बेल एकटी कधीच ठेवू नये असं माझं मत आहे, दुरुस्त झाली तरीही.

आता मूळ गोष्ट. बेल, गाडीचं रिमोट आणि तापमानाचा सेन्सर तिन्ही एकदम बंद पडतायत आणि वाय-फायला काही होत नाही, यातच निम्मं उत्तर आहे. जगाच्या बऱ्याच भागात ही तिन्ही यंत्रं ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात (अमेरिका आणि जपानमध्ये गाड्यांचे रिमोट बहुतेक ३१५ वर असतात). वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे पार वेगळ्या गल्लीत. तुमच्याकडे कोणीतरी फक्त ४३३ च्या गल्लीत तोंड लावून बसलाय.

आणि या स्वस्त बेलांची बोलण्याची पद्धतही फार साधी असते. लहर आहे म्हणजे १, लहर नाही म्हणजे ०, बस. आता शेजारी दुसरं कोणी न थांबता एकसारखी लहर सोडत बसलं तर बेलला "नाही" कधी ऐकूच येत नाही, सगळं १ १ १ १ दिसतं, त्यात तुमचं बटण बुडून जातं. त्यात बेलमधला रिसीव्हर बहुतेक वेळा सुपररिजनरेटिव्ह नावाच्या जुन्या साध्या पद्धतीचा असतो, तो आजूबाजूचे दोन-तीन मेगाहर्ट्झ सगळं एकत्रच ऐकतो, त्यामुळे खोडी काढणारा नेमका ४३३.९२ वर नसला तरी चालतं.

म्हणून मला शोधायचंय ते असं: एखादा ट्रान्समीटर जो संध्याकाळी चालू होऊन अडकून बसतो. मुद्दाम लावलेला जॅमर असेल असं मला वाटत नाही (बहुतेक देशांत तो बेकायदा आहे आणि कोणी लावलाच तर तो बाबांची बेल आणि तापमानाचा सेन्सर कशाला बंद करेल).

ओली_वाळू | सोमवार, रात्री ११:३२

मायक्रोवेव्ह असेल का? संध्याकाळी सगळ्यांचे चालू असतात.

तांब्याची_तार | सोमवार, रात्री ११:५०

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तो त्रास द्यायचाच झाला तर वाय-फाय आणि ब्लूटूथला देतो. आणि तोही सलग नाही, साध्या मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन विजेच्या लाटेच्या एकाच अर्ध्या भागात जागा असतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण १० मिलिसेकंद चालू, १० मिलिसेकंद गप्प. त्या गप्प वेळात वाय-फाय आपलं थोडंफार काम उरकून घेतं. उंबरठा ताईंचं वाय-फाय ठीक आहे, शिवाय दोन-अडीच तास मायक्रोवेव्ह कोण चालवणार.

पण शंका चुकीची नाही हं. ऑस्ट्रेलियात पार्क्सला ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या १९९८ पासूनच्या नोंदींत विचित्र छोटे सिग्नल सापडत होते, आकाशातून आल्यासारखे दिसणारे, त्यांना पेरिटॉन असं नावही देऊन झालं होतं. २०१५ मध्ये उलगडा झाला की तिथल्याच आवारातल्या मायक्रोवेव्हचं दार वेळ संपायच्या आधी ओढून उघडलं की तो सिग्नल निघतो. दिवसभरातल्या वेळा बघितल्या तर ते सगळे माणसं जागी असतानाच येत होते, हाही एक धागा होता त्यांच्याकडे.

निशाचर_२ | मंगळवार, पहाटे १:१५

थोडं विषयांतर करतो, राग मानू नका, पण माझंही असंच काहीतरी आहे आणि महिनाभर डोकं फिरलंय. वायरलेस माऊस मधेच अडखळतो, पॉइंटर एका जागी थिजतो आणि मग उडी मारून पुढे जातो, आणि हे फक्त मी फोटोंचा बॅकअप घेत असतानाच होतं, मला वाटलं कॉम्प्युटर दमतोय म्हणून रॅम वाढवली तरी तेच, माऊस बदलला तरी तेच.

तांब्याची_तार | मंगळवार, सकाळी ७:४०

निशाचर, बॅकअपची हार्ड डिस्क यूएसबी ३.० वर आहे ना, आणि माऊसचा डोंगल तिच्या शेजारच्याच पोर्टमध्ये? यूएसबी ३.० मध्ये डेटा सेकंदाला ५ गिगाबिटने धावतो आणि त्या धावण्याचा गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर एक कागद काढलाय, त्यांनी वायरलेस माऊस घेऊनच मोजून दाखवलंय. डोंगल एका साध्या यूएसबी २.० च्या एक्स्टेन्शन वायरवर लावून माऊसच्या जवळ आणा, डिस्कपासून लांब. डिस्कची वायर चांगल्या शील्डची असली तर अजून बरं.

घड्याळजी | मंगळवार, सकाळी ९:०५

उंबरठा ताई, मी तंत्रज्ञ नाही पण अशा गोष्टींचे किस्से जमवत असतो, त्यातले दोन तुमच्या उपयोगाचे आहेत.

पहिला वेल्समधल्या अबरहोसन गावचा. तिथे रोज सकाळी ७ वाजता अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड बसायचं, १८ महिने हे चाललं, केबल बदलून झाल्या तरी फरक नाही. शेवटी २०२० मध्ये इंजिनियर स्पेक्ट्रम अनलायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते दाखवणारं यंत्र) हातात घेऊन पावसात गावभर फिरले आणि ७ वाजता एका घरातून गोंगाटाचा मोठा झटका येताना दिसला. एक जुना टीव्ही होता, मालक रोज सकाळी ७ ला लावायचा. त्या बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती, कळल्यावर त्याने टीव्ही कायमचा बंद केला.

दुसरा अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नॉर्थ ओल्मस्टेडचा, २०१९. एका वस्तीत लोकांच्या गाड्यांचे आणि गॅरेजचे रिमोट चालेनासे झाले, काही आठवडे. शोधत शोधत एका घरात पोचले तर तिथल्या माणसाने वरच्या मजल्यावर कोणी आलं की कळावं म्हणून स्वतः एक बॅटरीवरचं यंत्र बनवलं होतं, ते ३१५ मेगाहर्ट्झवर सतत सिग्नल सोडत होतं. त्याच्याही मनात काही वाईट नव्हतं.

म्हणून मला वाटतं वरच्या मुलाच्या दारात जायच्या आधी चार-पाच दिवस नुसत्या वेळा लिहा. बेल एका टेबलावर एकाच जागी, बटण दुसऱ्या ठरलेल्या जागेवरून, दर दहा मिनिटांनी एकदा दाबायचं, वाजली की टिक, नाही तर फुली. मिनिटासकट लिहा. "संध्याकाळी" असं लिहू नका.

उंबरठा | मंगळवार, दुपारी २:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तार दादा, वायरची बेल सकाळीच बसवून घेतली, बाबांनी तीन वेळा वाजवून बघितली आणि पहिल्यांदाच बऱ्याच दिवसांनी हसले. आजपासून नोंद ठेवते. भाऊ रविवारपर्यंत इथे आहे तर तो मदतीला आहे.

सातवा_मजला | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

मला एलईडी दिव्यांचा संशय आहे. संध्याकाळ = दिवे. आमच्या गॅरेजच्या दाराच्या मोटरमध्येच एक बल्ब असतो, तिथे साधा एलईडी लावला आणि रिमोट दारापासून तीन मीटरच्या पुढे चालेना, बल्ब काढला की रस्त्यावरून चालायचा. स्वतः पाहिलंय.

तांब्याची_तार | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सातवा मजला यांचं बरोबर आहे, असं होतं आणि खूप होतं. एलईडी बल्बच्या बुडात, मोबाइलच्या चार्जरमध्ये, लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडून जोडली जाते, त्या तोडजोडीची खरखर वर मेगाहर्ट्झपर्यंत पसरते. चांगल्या कंपन्या आत फिल्टर घालतात, स्वस्तात तो गाळलेला असतो. पण ही खरखर ४३३ पर्यंत पोचेस्तोवर अशक्त होते, म्हणून बल्ब अगदी अँटेनाच्या कुशीत असला तरच मोठा त्रास. गॅरेजच्या मोटरमध्ये तो कुशीतच होता.

ताई, तपासायला सोपं आहे. बेल सेलवर चालणारी आहे ना? मग त्रास सुरू असताना घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा (बाबांना आधी सांगून, आणि त्यांचं विजेवरचं काही चालू असेल तर हे करूच नका). वीज नसतानाही बेल मुकी राहिली तर तुमच्या घरातले दिवे, चार्जर, टीव्ही सगळे एका फटक्यात यादीतून बाहेर. घरात जुना एएम रेडिओ असेल तर तोही बाहेर काढा, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावून घरभर फिरवा, चार्जरजवळ नेला की कसा करवादतो ते बघा. त्याच्या आत फेराइटची कांडी आडवी असते, रेडिओ गोल फिरवला की एका दिशेला खरखर एकदम बसते, तेव्हा कांडीचं टोक त्या चार्जरकडे असतं.

उंबरठा | बुधवार, रात्री ९:५०

मेन स्विच बंद करून पाहिला. ७:३० ला. बेल मुकीच, तापमानाच्या डिस्प्लेवर रेघाच. म्हणजे आमच्या घरातलं नाही. एएम रेडिओही फिरवला, भावाच्या लॅपटॉपच्या अडॅप्टरजवळ प्रचंड करकर करतो, पण तो अडॅप्टर काढला तरी बेलला फरक नाही.

तांब्याची_तार | बुधवार, रात्री १०:०५

उत्तम. तो अडॅप्टर आपला गुन्हेगार नाही, पण त्याच्या वायरीला फेराइटचा कोर (खरखर अडवणारं कडं) लावा कधीतरी, वायर कोरमधून नुसती एकदा न जाता दोन-तीन फेरे घेऊन गेली पाहिजे, फेरे दुप्पट झाले की अडवणूक जवळजवळ चौपट होते.

उंबरठा | रविवार, सकाळी ११:२०

नोंदी देते. बेल पहिल्यांदा गप्प झाली ती वेळ आणि परत वाजायला लागली ती वेळ, दहा मिनिटं इकडेतिकडे धरा.

मंगळवार ६:५० ते ९:२०
बुधवार ६:५० ते ९:३०
गुरुवार ५:२० ते ७:१०
शुक्रवार काहीच नाही, रात्री बारापर्यंत प्रत्येक वेळी वाजली
शनिवार ६:५० ते ९:१०

शुक्रवारी मला वाटलं संपलं एकदाचं. काल परत. आता खरं सांगायचं तर गुरुवारी वरचा मुलगा लवकर घरी आला होता आणि शुक्रवारी तो नव्हताच, गावाला गेला होता, शनिवारी परतला. मला खूप वाईट वाटतंय पण आता त्याच्याशी बोलावंच लागेल असं दिसतंय.

घड्याळजी | रविवार, दुपारी १२:०५

बोलायच्या आधी एकच प्रश्न. गुरुवारी तुमच्याकडे ढग होते का?

उंबरठा | रविवार, दुपारी १२:४०

हो. दुपारी तीनपासून अंधारून आलं होतं, दिवे लावावे लागले. आणि शुक्रवारी दिवसभर पाऊस, अजून कपडे ओले आहेत. का?

घड्याळजी | रविवार, दुपारी १२:५५

कारण हे घड्याळावर चालत नाहीये, उन्हावर चालतंय! माझ्या अंगणातला जुना सोलर दिवा अगदी असाच वागतो. चांगलं ऊन पडलं की अंधार पडल्यापासून दोन-अडीच तास जळतो आणि विझतो. दुपारी ढग आले की लवकर लागतो आणि लवकर विझतो. दिवसभर पाऊस असला तर लागतच नाही, कारण पोटात काही भरलेलंच नसतं. तुमचा गुरुवार आणि शुक्रवार बघा परत. कोणाच्या तरी खिडकीत, गच्चीत, भिंतीवर सोलरवर चालणारं काहीतरी वायरलेस आहे आणि त्याचा सेल म्हातारा झालाय.

तांब्याची_तार | रविवार, दुपारी १:३०

घड्याळजी, साष्टांग नमस्कार. मी अडकलेलं बटण शोधत होतो, सोफ्याच्या फटीत पडलेलं पंख्याचं रिमोट वगैरे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता सगळं बसतंय. समजा सोलरवरचा मोशन सेन्सर आहे, आत एक छोटी चिप आणि एक ट्रान्समीटर. उन्हात व्होल्टेज पुरेसं असतं, चिप शुद्धीत असते, कोणी हललं की क्षणभर निरोप पाठवते आणि गप्प. ऊन गेलं की सगळा भार सेलवर येतो, सेल जुना असला की व्होल्टेज हळूहळू घसरतं, आणि एका पातळीला चिप धड जिवंत नाही धड मेलेली नाही अशा अवस्थेत जाते. नीट बनवलेल्या यंत्रात अशा वेळी चिपला मुद्दाम रीसेट करणारी व्यवस्था चालू ठेवलेली असते, ब्राउन-आउट रीसेट म्हणतात तिला, घाईत बनवलेल्यात ती बंदच ठेवलेली असते. मग चिप जशी असेल तशी थिजते, आणि थिजताना ट्रान्समीटरकडे जाणारी तिची तार "चालू"वर राहिली की संपलं. ट्रान्समीटर सेल पूर्ण रिकामा होईपर्यंत ओरडत बसतो. असा ट्रान्समीटर साधारण १० मिलिअँपिअर खातो, आणि सेलमध्ये २५-३० मिलिअँपिअर-अवर उरलेले असले तर होतात बरोबर अडीच-तीन तास.

आता शोधायचं कसं. आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) कोणाकडे असेल तर लॅपटॉपवर ४३३ च्या जागी उभी रेघ सरळ दिसेल, पण त्याशिवायही तुमच्याकडे एक मोजपट्टी आहे, तुमची स्वतःची बेल. भाऊ बेल हातात धरून एका जागी उभा राहील, तुम्ही बटण घेऊन त्याच्यापासून एकेक पाऊल लांब जात दाबत राहा. किती पावलांपर्यंत वाजते ते लिहा. मग जागा बदला. बटण आणि तो चोर, दोघांची ताकद साधारण सारखीच असते, त्यामुळे बटण चोरापेक्षा पुष्कळ जवळ असेल तेव्हाच बेल ऐकते. अंतर दुप्पट झालं की ताकद चौथा हिस्सा, हा नियम दोघांनाही सारखा लागू, म्हणून चोरापासून तुम्ही दुप्पट लांब गेलात की बटणाची पावलंही दुप्पट होतील. भिंतींमुळे थोडं मागेपुढे होईल. पावलं कमी कमी होत जातील त्या दिशेने जात राहा, आणि जिथे परत वाढायला लागतील तिथून एक पाऊल मागे. महत्त्वाचं म्हणजे मधे कुठे पावलं कमी दिसली म्हणून तिथेच थांबू नका.

उंबरठा | रविवार, रात्री ११:१५

हात थरथरतायत लिहिताना. सापडलं.

आज दिवसभर कडक ऊन होतं. ६:५५ ला बेल गप्प झाली. भावाला घेऊन आधी खाली गेलो, गाडीजवळ नऊ पावलं. पहिल्या मजल्यावर सात. दुसऱ्यावर साडेपाच. आमच्या दारात चार. चौथ्या मजल्यावर त्या मुलाच्या दारात अडीच. माझ्या छातीत धस्स झालं, भाऊ म्हणाला वाजव आता बेल त्याची. पण दादांचं ते वाक्य आठवलं की मधे थांबू नका, म्हणून तसेच वर चढलो. गच्चीच्या दारात दीड पाऊल. गच्चीच्या डाव्या टोकाला परत तीन. उजवीकडे, पाण्याच्या टाकीच्या मागे, बटण बेलला अक्षरशः चिकटवल्याशिवाय वाजेना.

टॉर्च लावून पाहिलं तर टाकीमागच्या भिंतीवर, गच्चीच्या दाराकडे तोंड करून, एक पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा डबा, वर तळहाताएवढं सोलर पॅनल, पुढे तो मोशनचा पांढरा फुगीर डोळा. वर धूळ एवढी की पॅनल करडं दिसत होतं. इमारतीत जुनं असं एकच कुटुंब उरलंय, त्यांना विचारलं तर ते म्हणाले बऱ्याच वर्षांपूर्वी गच्चीत कोणी आलं की कळावं म्हणून एका घराने लावलं होतं, ते लोक घर सोडून गेले, बेल सोबत नेली आणि हे वरच राहिलं. म्हणजे इतकी वर्षं ते रिकाम्या घराला निरोप पाठवत होतं.

भावाने ते भिंतीवरून काढलं, आम्ही घरातून झाकणाचा स्टीलचा डबा आणला, आत ठेवलं, झाकण घट्ट लावलं. मी गच्चीवरून बटण दाबलं आणि खाली आमच्या घरातून बेल ऐकू आली, दोन जिने उतरून, गच्चीच्या उघड्या दारातून. झाकण काढलं, गप्प. झाकण लावलं, वाजली. पाच वेळा केलं.

तांब्याची_तार | रविवार, रात्री ११:३०

शाब्बास ताई! झाकणाची कडा नीट बसली होती म्हणून पूर्ण दबलं, नाहीतर फटीतूनही बाहेर येतं. उद्या उन्हात एकदा एक गोष्ट कराल का, सेल काढायच्या आधी? म्हणजे माझा अंदाज बरोबर होता की नाही ते कळेल. भर दुपारी, पॅनल उन्हात, बेल वाजतेय याची खात्री करा आणि मग पॅनलवर जाड कापड टाका.

उंबरठा | सोमवार, दुपारी १:१०

केलं. बारा वाजता उन्हात ठेवलं, बेल नीट वाजत होती. कापड टाकलं, पहिली चार मिनिटं वाजत राहिली, पाचव्या मिनिटाला गप्प झाली. कापड काढलं तर लगेच सुधारली नाही, साधारण दोन मिनिटं लागली.

मग उघडलं. आत बोटाच्या पेरांएवढे तीन सेल, हिरव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, एकाच्या टोकाला मिठासारखा पांढरा थर आणि तिथली पत्री हिरवी पडून अर्धी खाल्लेली. बाजूला नखाएवढा गोल धातूचा डबा, त्यावर आर४३३ असं कोरलेलं, आणि तिथून निघालेली वेटोळं केलेली तार, सरळ केली तर वीतभर भरली.

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी १:४५

तो गोल डबा म्हणजे रेझोनेटर, तोच ४३३.९२ चा सूर धरून ठेवतो. तार १७ सेंटिमीटरच्या आसपास असणार, ४३३ च्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर असते, तिचा चौथा भाग. पांढरा थर सेल गळल्याचा आहे, हाताला लागला असेल तर साबणाने धुवा आणि डोळ्याला लावू नका. सेल कापून काढा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि बॅटऱ्या गोळा करतात तिथेच द्या, कचऱ्यात नको.

ओली_वाळू | सोमवार, दुपारी ३:२०

अभिनंदन उंबरठा! वाचताना अंगावर काटा आला. जाता जाता विचारून घेते, आमचं वाय-फाय अधूनमधून बरोबर एक मिनिट गायब होतं आणि परत येतं, राउटर ५ गिगाहर्ट्झवर आहे. सोलर वगैरे काही नाही आसपास.

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी ४:००

राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल बघा. ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ असेल तर ते चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली (खरी किंवा भासलेली) की त्याला १० सेकंदांत तिथून निघावंच लागतं, ३० मिनिटं परत फिरकता येत नाही, आणि दुसरा तसाच चॅनल घ्यायचा तर आधी किमान ६० सेकंद गप्प बसून ऐकावं लागतं. तुमचं ते एक मिनिट हेच असणार. ३६ ते ४८ मधला चॅनल हाताने निवडून ठेवा.

निशाचर_२ | सोमवार, रात्री १२:३०

डोंगल एक्स्टेन्शन वायरवर आणला, बॅकअप चालू ठेवून अर्धा तास माऊस फिरवतोय, एकदाही अडकला नाही. मग मुद्दाम परत डिस्कशेजारी लावला, लगेच थिजला. तार दादा, धन्यवाद.

उंबरठा | मंगळवार, रात्री ८:३५

आज दिवसभर ऊन होतं. ७ वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी बटण दाबलं, दहाही वेळा वाजली. गाडीही खिडकीतून उघडली. वायरची बेल मात्र काढली नाहीये, बाबांच्या उजव्या हाताशी ती आणि डाव्या हाताशी वायरलेस असं ठेवलंय.

संध्याकाळी वरच्या मुलाकडे गेले होते. मी काय संशय घेतला होता ते त्याला स्वतःहून सांगितलं, माफी मागितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तो सेन्सर बघायला मिळेल का. आता खाली बाबांच्या खोलीत बसून बोर्ड उलटा करून भिंगातून बघतोय आणि बाबांना दाखवतोय की यातली कुठली तार अडकत होती.